जिल्हा परिषदेकडून गावाचे काम मंजूर करून घेताना : ठरावापासून पूर्णत्वाच्या दाखल्यापर्यंत

सोलापूर जिल्ह्यातल्या गावांतून जिल्हा परिषदेकडे जाणाऱ्या कितीतरी मागण्या त्याच त्या चुकांमुळे मागे फिरतात. रस्ता ज्यांच्या ताब्यात नाही त्या कार्यालयाला पत्र दिलेले असते, ग्रामसभेचा ठराव असतो पण त्यात कामाची जागा नीट लिहिलेली नसते, जमीन एखाद्या भाऊबंदाच्या नावावर असते, किंवा सगळे कागद बिनचूक असूनही ते नियोजन होऊन गेल्यावर पोहोचतात. मी पाच वर्षे ग्रामपंचायत सदस्य होतो आणि त्यानंतर आसपासच्या गावांचे प्रस्ताव तयार करण्यास हातभार लावत आलो आहे. या काळात चांगल्या मागण्या केवळ क्रम चुकल्यामुळे वर्षभर मागे पडताना मी पाहिल्या आहेत, म्हणून येथे क्रमावरच भर दिला आहे. सरपंच, सदस्य आणि गावासाठी धावपळ करणारे तरुण यांनी पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करावी. मधला टप्पा गाळून पुढे गेल्यास तेथेच परत यावे लागते.

टप्पा १ : काम नेमके कोणाच्या अखत्यारीतले, ते ठरवावे

ग्रामीण भागाचा कारभार तीन स्तरांवर चालतो : गावासाठी ग्रामपंचायत, तालुक्यासाठी पंचायत समिती आणि जिल्ह्यासाठी जिल्हा परिषद. ग्रामपंचायत १९५८ च्या अधिनियमाने चालते. पंचायत समिती आणि जिल्हा परिषद महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ या एकाच कायद्याने चालतात. जिल्हाधिकारी, प्रांत, तहसीलदार आणि तलाठी ही महसूल खात्याची साखळी पूर्णपणे वेगळी आहे. सातबारा, फेरफार, अतिक्रमित पाणंद, शिवरस्ता यांच्या तक्रारी महसूल खात्याकडे जातात. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे दाद मागावी लागते. त्याबद्दल गटविकास अधिकाऱ्यांना कितीही निवेदने दिली तरी त्यांच्या हातात आदेश देण्याचा अधिकारच नसतो.

सर्वांत जास्त घोळ रस्त्यांचा होतो. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आहेत. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे आहेत. सांगोला, मंगळवेढा, माळशिरस या तालुक्यांत निम्मे गाव वाड्या-वस्त्यांवर राहते आणि वस्तीला जाणाऱ्या वाटेला पुष्कळदा कोणताच क्रमांक नसतो. रस्ते विकास आराखड्यात ज्याची नोंद नाही, त्या वाटेला रस्त्यांच्या लेखाशीर्षातून, म्हणजे रस्त्यांसाठी नेमलेल्या खर्चाच्या खात्यातून, पैसा मिळत नाही. म्हणून डांबरीकरणाची मागणी करण्यापूर्वी पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात जाऊन त्या रस्त्याचा ग्रामीण मार्ग क्रमांक, म्हणजे ग्रा.मा. क्रमांक, पाहून घ्यावा. तो नसेल तर पहिली मागणी दर्जोन्नतीची, म्हणजे त्या वाटेला क्रमांक मिळवून देण्याची करावी.

आरोग्याचेही तसेच आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेचे असते, तर ग्रामीण रुग्णालय राज्य शासनाचे असते आणि ते जिल्हा शल्य चिकित्सकांच्या देखरेखीखाली चालते. प्राथमिक शाळेची इमारत जिल्हा परिषदेची असते. खासगी संस्थेच्या हायस्कुलावर माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांचे नियंत्रण असले तरी त्या शाळेची भिंत बांधून देणे हे जिल्हा परिषदेचे काम नाही.

तपासणी : आपले गाव अजून जिल्हा परिषदेच्या क्षेत्रात आहे का, हेही पाहावे. अकलूज, नातेपुते, वैराग, अनगर ही ठिकाणे आता नागरी संस्थांकडे गेली आहेत. त्यांच्या हद्दीलगतच्या वस्त्यांनी आपली वस्ती कोणत्या बाजूला आली, याची खात्री करून मगच अर्ज लिहावा.

टप्पा २ : निर्णय कोण घेते आणि अंमल कोण करते, हे समजून घ्यावे

जिल्ह्याचा ग्रामीण भाग निवडणुकीसाठी गटांत विभागला जातो आणि प्रत्येक गटाचे दोन गण होतात. गटातून जिल्हा परिषदेचा सदस्य निवडून येतो, गणातून पंचायत समितीचा. कायद्याने जिल्हा परिषदेत निवडून येणाऱ्या सदस्यांची संख्या ५० ते ७५ च्या दरम्यान असते. सोलापुरात २०१७ ची निवडणूक ६८ गटांसाठी आणि १३६ गणांसाठी झाली. याशिवाय जिल्ह्यातील सर्व, म्हणजे अकराही पंचायत समित्यांचे सभापती जिल्हा परिषदेचे पदसिद्ध सदस्य असतात. सदस्यांची मुदत पाच वर्षांची, अध्यक्ष आणि सभापती यांची अडीच वर्षांची असते, आणि निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात. आमदार आणि खासदार जिल्हा परिषदेचे सदस्य नसतात. त्यांचे वजन जिल्हा नियोजन समितीत आणि राज्यस्तरीय निधीत असते, त्यामुळे कोणत्या कामासाठी कोणाचे पत्र घ्यावे हे निधी ठरल्यावरच ठरवावे.

सर्वसाधारण सभा किमान तीन महिन्यांतून एकदा भरते. रोजचे बहुतेक निर्णय मात्र अध्यक्षांच्या नेतृत्वाखालील स्थायी समितीत आणि बांधकाम, शिक्षण, आरोग्य, अर्थ, कृषी, समाजकल्याण, पशुसंवर्धन, महिला व बालकल्याण, जलसंधारण व पाणीपुरवठा अशा विषय समित्यांत होतात. ज्या विषयाची मागणी, त्या समितीच्या सभापतींना त्याची प्रत द्यावी. सरसकट अध्यक्षांनाच पत्र दिल्यास ते खाली उतरून योग्य टेबलावर यायला वेळ जातो.

अंमलबजावणी प्रशासनाची असते. मुख्य कार्यकारी अधिकारी सर्वांच्या वर असतात. त्यांच्या हाताखाली खातेप्रमुख असतात : बांधकामचे कार्यकारी अभियंता, जिल्हा आरोग्य अधिकारी, शिक्षणाधिकारी, समाजकल्याण अधिकारी, मुख्य लेखा व वित्त अधिकारी वगैरे. सामान्य प्रशासनाचे उपमुख्य कार्यकारी अधिकारी सभेचे सचिव म्हणून काम पाहतात. तालुक्यात हीच रचना लहान होते. तेथे गटविकास अधिकारी प्रमुख असतात आणि तेच पंचायत समितीचे सचिवही असतात. गावात ग्रामसेवक, ज्यांचे पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी असे झाले आहे.

सावधान : निवडणूक लांबली की सभागृहाचे अधिकार प्रशासकाकडे जातात. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर सोलापुरात मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले, आणि तरीही पुढे कित्येक महिने गावांतून माजी सदस्यांच्या शिफारसपत्रांवर भिस्त ठेवून अर्ज जात राहिले. अर्ज करताना पदाधिकारी आहेत की प्रशासक, हे आधी पाहावे आणि त्याप्रमाणे पत्ता लिहावा.

आणखी एक स्थानिक बाब. माढा तालुक्याची पंचायत समिती माढ्यात नसून कुर्डुवाडीला आहे. नवख्या माणसाची त्यात हमखास एक फेरी वाया जाते.

टप्पा ३ : ग्रामसभेचा ठराव

वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली, तर पुन्हा भरणाऱ्या सभेला ती अट राहत नाही, पण तेथे मूळ विषयपत्रिकेवरचेच विषय घेता येतात. त्यामुळे आपले काम मूळ नोटिशीतच विषय म्हणून आले पाहिजे. ‘ऐनवेळच्या विषयात’ घुसवलेल्या ठरावावर पुढे कोणी हरकत घेतली की तोच ठराव सगळ्या प्रस्तावाची कमजोर बाजू ठरतो.

ठरावाची भाषा हा दुर्लक्षित राहणारा भाग आहे. पुष्कळ ठरावांत एवढेच असते : ‘वस्तीचा रस्ता करून मिळणेबाबत सर्वानुमते मंजूर.’ अशा ठरावावरून कोणताही शाखा अभियंता अंदाजपत्रक करू शकत नाही. ठराव असा लिहावा : ‘ग्रा.मा. क्रमांक अमुक वरील मारुती मंदिरापासून खंडोबा वस्तीपर्यंतच्या सुमारे ८०० मीटर लांबीच्या रस्त्याचे खडीकरण व डांबरीकरण करण्यात यावे. सदर काम गेल्या काही वर्षांत अन्य कोणत्याही योजनेतून झालेले नाही. कामास लागणारी जागा विनामोबदला उपलब्ध आहे. काम पूर्ण झाल्यावर देखभाल ग्रामपंचायत करील.’ त्याखाली सभेची तारीख, विषय क्रमांक, ठराव क्रमांक, सूचक आणि अनुमोदक यांची नावे आणि सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या सह्या हव्यात. देखभालीची जबाबदारी जेथे ग्रामपंचायतीची नाही, त्या कामात ते वाक्य घालू नये.

हे काम ग्रामपंचायत विकास आराखड्यातही आले पाहिजे. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची प्रक्रिया साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते आणि तो आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढवला जातो. वित्त आयोगाच्या निधीतून काम करायचे असेल तर आराखड्यात नसलेल्या कामाला वाव राहत नाही.

तपासणी : ठरावाची प्रत घेण्यापूर्वी मूळ इतिवृत्ताच्या वहीत तो लिहिला गेला आहे का, ते डोळ्यांनी पाहावे. टाइप केलेली प्रत आणि वहीतला मजकूर यांत लांबीचा किंवा नावाचा फरक असला, तर चौकशीत वहीच ग्राह्य धरली जाते.

टप्पा ४ : जागेचे कागद

हा टप्पा मी मुद्दाम लांबवून सांगतो, कारण आमच्या गावाने यात एक पूर्ण वर्ष गमावले. शाळेच्या वाढीव वर्गखोलीसाठी प्रस्ताव केला होता. जागा गावातल्या एका वडीलधाऱ्या शेतकऱ्याने कित्येक वर्षांपूर्वी तोंडी दिलेली होती, मुले तेथेच खेळत होती, आणि जागा शाळेचीच आहे याबद्दल गावात कोणाला शंका नव्हती. सातबारा काढला तेव्हा त्यावर त्यांच्या पाच वारसांची नावे निघाली. त्यांत एक भाऊ पुण्याला, एक बहीण दुसऱ्या तालुक्यात दिलेली. आम्ही तीन भावांच्या सह्यांचे संमतिपत्र स्टॅम्पपेपरवर करून जोडले. फाइल एका ओळीच्या शेऱ्यासह परत आली : ‘जागा संस्थेच्या नावे नाही.’ मी तो शेरा हातात घेऊन पंचायत समितीच्या व्हरांड्यात बराच वेळ उभा होतो. त्या वर्षीचा निधी दुसऱ्या गावाला गेला, आणि त्यात त्या गावाची काहीच चूक नव्हती.

त्यातून शिकलेली गोष्ट स्पष्ट लिहितो. स्टॅम्पपेपरवरच्या संमतिपत्राने जमिनीची मालकी बदलत नाही. इमारतीच्या कामासाठी दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेले बक्षीसपत्र लागते, त्यावर बहिणींसह सर्व वारसांच्या सह्या लागतात आणि त्यानंतर फेरफार होऊन सातबाऱ्यावर संस्थेचे नाव यावे लागते. आधी वारसनोंद, मग बक्षीसपत्र, मग फेरफार, हा क्रम उलटा करता येत नाही. जागा गावठाणातली असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि गायरान असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, हे प्रश्न प्रस्तावापूर्वीच सोडवून घ्यावेत.

रस्त्याच्या कामात संपूर्ण मालकीहक्काचा आग्रह इतका नसतो, तरीही रुंदीकरणात ज्यांच्या बांधाची जमीन जाणार आहे त्यांच्या लेखी संमत्या आधीच घ्याव्यात. काम सुरू झाल्यावर एका शेतकऱ्याने जेसीबीपुढे उभे राहून काम थांबवले, तर ठेकेदार निघून जातो आणि निधी अखर्चित दिसतो.

टप्पा ५ : अंदाजपत्रक आणि प्रस्तावाची फाइल

बांधकाम उपविभागातील शाखा अभियंत्यांनी प्रत्यक्ष जागेवर येऊन मोजमाप घेतल्यावरच अंदाजपत्रक तयार होते. त्यांच्या भेटीच्या दिवशी गावातला जाणता माणूस सोबत असावा. ओढा पावसाळ्यात कोठून वाहतो, पाइप मोरी कोठे हवी, जुना बंधारा कोठे दबलेला आहे, हे त्या दिवशी सांगितले नाही तर अंदाजपत्रकात येत नाही, आणि मग नवा रस्ता पहिल्याच पावसात त्याच जागी वाहून जातो.

फाइलमध्ये मागणीचे पत्र, ठरावाची प्रमाणित प्रत, जागेचे कागद, रस्त्याच्या क्रमांकाचा दाखला, हे काम अन्य योजनेतून झालेले नसल्याचा दाखला, स्थळदर्शक नकाशा, जागेचे अक्षांश-रेखांशासह फोटो आणि अंदाजपत्रक हे सर्व असावे. प्रत्येक पानावर क्रमांक टाकावा. तीच फाइल हुबेहूब आपल्याकडे ठेवावी.

सावधान : निविदा काढण्यापूर्वी प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मान्यता या दोन्ही हव्यात. काम घेण्यास आणि त्यावर खर्च करण्यास मिळालेली संमती म्हणजे प्रशासकीय मान्यता. अंदाजपत्रक तंत्रदृष्ट्या बरोबर असल्याची सक्षम अभियंत्याची मान्यता म्हणजे तांत्रिक मान्यता. एक मिळाली की गावात पेढे वाटले जातात आणि दुसरीकडे कोणी पाहत नाही. फलक लावण्यापूर्वी दोन्हींचे क्रमांक व तारखा हातात असाव्यात.

टप्पा ६ : पैसा कोठून येणार आणि केव्हा मागायचा

जिल्हा परिषदेकडे एकच मोठी तिजोरी नसते. प्रत्येक पैशावर त्याचे लेखाशीर्ष लिहिलेले असते. जिल्हा नियोजन समितीकडून येणाऱ्या निधीत ३०५४ हे शीर्ष ग्रामीण मार्गांसाठी आणि ५०५४ हे इतर जिल्हा मार्गांसाठी ओळखले जाते. जनसुविधा योजनेतून स्मशानभूमी व ग्रामपंचायत कार्यालय यांसारखी कामे होतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाचा निधी समाजकल्याण विभागाकडून येतो आणि तो त्याच वस्तीत खर्च झाला पाहिजे. २५१५ या शीर्षाची कामे ग्रामविकास विभागाकडून राज्यस्तरावर मंजूर होतात. जिल्हा परिषदेचे स्वतःचे उत्पन्न, ज्याला सगळे सेस म्हणतात, तुलनेने लहान असते आणि त्यातही मागासवर्गीयांसाठी २० टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के राखून ठेवावे लागतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०२०-२१ ते २०२५-२६ मध्ये, निधीचे वाटप ग्रामपंचायतीला ८० टक्के, पंचायत समितीला १० टक्के आणि जिल्हा परिषदेला १० टक्के असे होते. वस्तीतली गटार किंवा नळाची जोडवाहिनी यांसारख्या लहान कामासाठी सोलापूरला खेटे घालण्यापूर्वी आपल्याच ग्रामपंचायतीच्या खात्यात काय आहे, ते पाहणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते.

नवीन कामांना प्रत्यक्षात किती वाव आहे, हे ‘दायित्वा’वर अवलंबून असते. मागील वर्षी मंजूर झालेल्या पण देयके बाकी असलेल्या कामांची रक्कम आधी वजा होते आणि उरलेल्या रकमेच्या साधारण दीडपट किमतीची नवी कामे नियोजनात घेतली जातात. उदाहरणार्थ, एखाद्या शीर्षात १० कोटी मिळाले आणि दायित्व ६ कोटींचे असेल, तर शिल्लक ४ कोटींवर ६ कोटींची नवी कामे बसतात. आपले काम ज्या शीर्षात मागायचे त्याचे दायित्व संबंधित विभागात विचारून घ्यावे. ते फार असेल तर दुसरे शीर्ष शोधावे.

वेळेबाबत माझा आग्रह असा आहे : ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ठराव व आराखडा, मार्चपूर्वी जागेचे कागद व अंदाजपत्रक पूर्ण, आणि एप्रिल उजाडताच प्रस्ताव विभागात दाखल. आषाढीच्या आधीचे दोन-तीन आठवडे जिल्हा परिषदेची यंत्रणा पालखी मार्गावरचे पाणी, स्वच्छता आणि आरोग्य पथके यांत गुंतलेली असते. माळशिरस आणि पंढरपूर तालुक्यांत तर कोणी टेबलावर सापडेल ही अपेक्षाच करू नये, आणि वारकऱ्यांची सोय पाहता ते योग्यही आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवीन कामांना मंजुरी मिळत नाही. त्या तारखांचा अंदाज घेऊन आधीच हालचाल करावी.

टप्पा ७ : पाठपुरावा

प्रस्ताव शक्यतो पंचायत समितीमार्फत पाठवावा आणि त्याची आगाऊ प्रत जिल्हा परिषदेच्या संबंधित विभागात द्यावी. दोन्ही ठिकाणी आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परतू नये. ‘साहेबांच्या हातात दिले आहे’ याला कार्यालयात काहीही किंमत नसते. आवक क्रमांकावरून फाइल कोणत्या टेबलावर आहे ते समजते, आणि पुढच्या प्रत्येक पत्रात तोच क्रमांक संदर्भ म्हणून लिहावा. बदल्यांचे विनियमन व विलंबास प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या राज्य अधिनियमानुसार सर्वसाधारण फाइल एका टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. स्मरणपत्रात या तरतुदीचा सभ्य भाषेत उल्लेख केला की बहुतेक वेळा फाइल हलते.

उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावावे, अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवावा. ‘काम का झाले नाही’ असे विचारू नये. ‘अमुक आवक क्रमांकाच्या प्रस्तावावरील टिपणीच्या प्रती व सध्याची स्थिती’ मागावी. ३० दिवसांत माहिती न मिळाल्यास पुढील ३० दिवसांत प्रथम अपील करता येते; त्यानंतर ९० दिवसांत द्वितीय अपील राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे जाते.

जिल्हा परिषदेच्या पूनम गेटसमोर उपोषणाला बसण्याचा मार्ग सोलापुरात सर्वांना ठाऊक आहे. तो हक्कच आहे, पण टप्पा ३ ते ६ मधले कागद अपुरे असताना तेथे बसलेल्या गावांना लेखी आश्वासन मिळते आणि काम मिळत नाही, हे मी जवळून पाहिले आहे. आधी फाइल पूर्ण असावी.

टप्पा ८ : कार्यारंभ आदेशानंतर

कार्यारंभ आदेशाची प्रत ग्रामपंचायतीने मागून घ्यावी. त्यात कामाची रक्कम, मुदत, ठेकेदाराचे नाव आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करून देण्याची मुदत, दिलेला असतो. अंदाजपत्रकाची प्रत घेऊन खडीचा थर किती जाडीचा, डांबराचा थर किती, लांबी किती, हे गावातल्या दोघा-तिघांनी वाचून ठेवावे आणि काम चालू असताना फूटपट्टी व टेप घेऊन जागेवर जावे. थर झाकला गेल्यावर तक्रार सिद्ध करणे अवघड होते, म्हणून फोटो प्रत्येक थराच्या वेळी, तारखेसह काढावेत. त्रुटी दिसली तर ठेकेदाराशी वाद घालत बसण्यापेक्षा त्याच दिवशी उपअभियंत्यांना लेखी कळवून पोच घ्यावी.

देयक मोजमाप पुस्तकातील नोंदींवरून निघते. पूर्णत्वाचा दाखला देण्यासाठी सरपंचांची सही मागितली जाईल तेव्हा जागेवर जाऊन लांबी मोजूनच सही करावी. ओळखीखातर दिलेली सही नंतर मागे घेता येत नाही. काम ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित होणारे असेल तर मालमत्ता नोंदवहीत त्याची नोंद करून घ्यावी.

शेवटी दोषदायित्व कालावधी संपण्याची तारीख ग्रामपंचायतीच्या भिंतीवरील कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवावी आणि त्याच्या दोन महिने आधी संपूर्ण रस्ता किंवा इमारत पाहून यावी. खड्डा, भेग, गळती जे काही आढळेल त्याची यादी फोटोंसह उपविभागाला द्यावी. त्या तारखेच्या आत केलेल्या लेखी तक्रारीवर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने होते. तारीख उलटल्यावर तोच खड्डा बुजवण्यासाठी पहिल्या टप्प्यापासून नवा प्रस्ताव करावा लागतो.